कोलोरॅडोच्या दरीतलं सोनं आणि ते शोधणारे नावाडी

रेताडवाट

१९०१ साली अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटात, जवळच्या रेल्वे स्टेशनपासून शंभरावर मैल आत, कोलोरॅडो नदीत एक अवाढव्य यंत्र तरंगत होतं. बादल्यांची फिरती साखळी नदीचा तळ उकरून रेती वर आणायची, ती रेती धुऊन सोनं काढायचं, असा बेत. यंत्राचा सुटा भाग अन् भाग घोडागाड्यांवरून नदीपर्यंत आणून तिथेच जोडलेला. कंपनीचं नाव होस्कनिनी कंपनी, इंजिनिअर रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन. खर्च सुमारे एक लाख डॉलर. पहिल्यांदा धुऊन सोनं निघालं ३० डॉलर १५ सेंटचं, दुसऱ्यांदा ३६ डॉलर ८० सेंटचं. तिसरी वेळ आलीच नाही, कंपनी बुडाली.

हा सगळा प्रकार घडला ग्लेन कॅन्यनमध्ये, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला असलेल्या, आता लेक पॉवेलखाली गेलेल्या दरीत. तिथला पहिला नावाजलेला खाणकरी कॅस हाईट. १८८३ साली तो आला होता चांदी शोधायला. मॉन्युमेंट व्हॅलीत मेरिक आणि मिचेल नावाच्या दोघांना चांदीची खाण सापडली आणि तिच्यापायी ते मारले गेले, अशी बोलवा होती. तिथल्या मूळ नवाहो लोकांचा म्होरक्या होस्कनिनी यानं त्याला चांदीचा पत्ता दिला नाही, नदीकडे जा, तिथे सोनं आहे, एवढं सांगितलं. हाईटला नदी ओलांडायला सोपा उतार सापडला, रेतीत सोन्याचे कण सापडले आणि बातमी पसरली. मागोमाग शेकडो माणसं आली. १८८९ साली तिथे पोस्ट ऑफिससुद्धा निघालं. गुड होप, कॅलिफोर्निया, ऑलिंपिया, क्लाँडाईक अशी रेतीच्या पट्ट्यांची नावं वाचली तरी त्या माणसांच्या मनात काय होतं ते कळतं.

माझे दोन प्रश्न आहेत.

एक, सोनं खरंच होतं. हाईटपासून स्टँटनपर्यंत सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मग ते कुणाच्याच पदरात का पडलं नाही?

दोन, या नदीचा इतिहास म्हटला की सगळे १८६९ साली दरीतून होड्या नेणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलपाशी सुरू होतात आणि तिथेच थांबतात. माझं मत असं की पॉवेलनं नदी पाहिली, पण ती कशी चालवायची हे शोधलं खाणकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी. पटत नसेल तर जरूर भांडा.

---

खडकवेडी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, भूशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही.

हे सोनं तिथलं नव्हेच. त्या लाल वालुकाश्मात सोन्याची शीर नाही. वरच्या डोंगररांगांमधल्या खडकातून सुटून शेकडो मैल नदीबरोबर घरंगळत आलेलं ते सोनं. एवढ्या प्रवासात कण इतके बारीक आणि चपटे होतात की ते पाण्यावर तरंगतात. सोनं जड असतं म्हणून तळाशी बसतं, या एका गुणावर रेती धुण्याची सगळी पद्धत उभी आहे. धुण्याची थाळी (पॅन) घ्या, हलता पाळणा (रॉकर) घ्या नाहीतर लाकडी पन्हळ, सगळीकडे जड ते खाली आणि हलकं ते वाहून जाणार असाच हिशेब. इथे सोनंच रेतीबरोबर वाहून जात होतं.

दुसरी अडचण जागेची. नदी लाखो वर्षं दरी खोल करत खाली गेली आणि तिचे जुने रेतीचे थर वर कडेला राहिले. सोन्याचे बरेचसे पट्टे म्हणजे हे जुने थर, आजच्या पाण्यापासून कितीतरी उंचावर. धुवायला पाणी तर मुबलक हवं. नदी समोर वाहतेय आणि पाणी चढवायला काही साधन नाही! गुड होपला त्यांनी त्यासाठी प्रचंड मोठं रहाट बांधलं होतं. रहाटाला लाकूड हवं, आणि त्या दरीत झाडं किती असणार?

---

कवडीमोल

लाखभर डॉलर खर्चून ६६ डॉलर ९५ सेंट! त्यापेक्षा खिशातली नाणी नदीत टाकून परत वेचली असती तर जास्त हाती लागली असती.

---

सराफकट्टा

खडकवेडीताई, सुंदर प्रतिसाद. पाऱ्याबद्दल थोडी भर घालतो, आमचा पिढीजात धंदा सोन्याचा.

आमच्या पेढीवर झारेकरी यायचे. सोनारांच्या कामाच्या जागेतला केर, भट्टीची राख, पायपुसण्याची धूळसुद्धा विकत घ्यायचे आणि त्यातून सोनं काढायचे. लहानपणी मी त्यांच्याजवळ तासन्‌तास बसायचो. घमेल्यात धुतलेल्या राखेचा काळा गाळ उरला की त्यात पारा घालून तळहातानं चोळत राहायचं. सोन्याचे कण पाऱ्यात शिरतात आणि लोण्यासारखा मऊ गोळा होतो. तो कापडात पिळला की जादाचा पारा बाहेर येतो. उरलेली गोळी तापवली की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. तो धूर विषारी, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कोलोरॅडोवरही हीच युक्ती होती. पन्हळीच्या शेवटी पारा चोळलेले तांब्याचे पत्रे लावायचे. पण पाऱ्याला कण चिकटायचा तर कण स्वच्छ हवा. बारीक चिकणमातीचा नुसता लेप जरी असला तरी पारा त्याला धरत नाही. त्या नदीत गाळ किती असेल याचा विचार करा. झारेकरी शेरभर राखेवर दिवस घालवायचा. तिथे यंत्र मिनिटागणिक बादल्या ओतत होतं, कण पत्र्यावर टेकायलाही वेळ मिळत नसणार.

---

गडभटक्या

सोन्याचं ठीक आहे, पण दुसऱ्या मुद्द्याला माझा साफ विरोध.

२४ मे १८६९. अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे पूर्ण होऊन दोनच आठवडे झालेत. वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर स्टेशनवर शिकागोहून रेल्वेनं आलेल्या चार होड्या पाण्यात सोडल्या, माणसं दहा. म्होरक्या पॉवेलचा उजवा हात अमेरिकी यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत गेलेला. पुढे काय आहे याचा नकाशा नाही, कारण नकाशावर ती जागा कोरी होती. दोन आठवड्यांतच लोडोरच्या दरीत 'नो नेम' होडीचे तुकडे झाले आणि तिच्याबरोबर बराच शिधा गेला. शेवटी शेवटी बुरशी धरलेलं पीठ, वाळवलेली सफरचंदं आणि कॉफी एवढ्यावर माणसं जगत होती. २८ ऑगस्टला एका भयानक रॅपिडच्या, म्हणजे खडकांमधल्या खवळलेल्या प्रवाहाच्या, तोंडाशी तिघं जण, हाऊलँड बंधू आणि डन, आता पुरे म्हणून कडा चढून निघून गेले आणि मारले गेले. राहिलेले दोनच दिवसांत व्हर्जिन नदीच्या संगमावर सुखरूप बाहेर पडले.

आणि तो माणूस फक्त होडीत बसून नव्हता. उंची मोजायला एका हातानं कडे चढायचा. एकदा असा अडकला की पुढे जाता येईना की मागे. पाय थरथरायला लागलेले, वर उभ्या साथीदार ब्रॅडलीजवळ दोर नाही. ब्रॅडलीनं स्वतःची लांब चड्डी काढून खाली सोडली, पॉवेलनं खडकावरचा हात सोडून ती धरली आणि वर आला. कड्यावर असा अडकलेला माणूस मी पाहिलाय. हात सोडायचा तो क्षण काय असतो ते सांगता येत नाही.

ज्यानं अंधारात पहिला पाय टाकला त्याचं नाव पहिलं यावं, यात मला काही वावगं दिसत नाही.

---

मधुमालती

ब्रॅडलीच्या चड्डीचं स्मारक कुठे आहे?

---

वल्हंवाला

गडभटक्या, धैर्याबद्दल दुमत नाही. पण रेताडवाट यांचा मुद्दा होडी चालवण्याचा आहे आणि त्यात ते बरोबर आहेत. मी राफ्टिंगचा धंदा करतो, आधी ऋषिकेशला, आता कुंडलिकेवर, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

पॉवेलच्या मोठ्या होड्या ओक लाकडाच्या, २१ फूट लांब, जड आणि गोल तळाच्या. वल्हवणारे पाठ पुढे करून बसायचे, तलावात बसतात तसे. म्हणजे ज्या रॅपिडमध्ये शिरायचंय तो त्यांना दिसतच नाही! वर समज अशी की प्रवाहापेक्षा जोरात वल्हवलं तरच होडी ताब्यात राहते. जड होडी, आंधळे वल्हेकरी आणि जास्तीचा वेग. म्हणून त्यांना किती ठिकाणी होड्या काठावरून दोरानं उतरवाव्या लागल्या, किती ठिकाणी सामानासकट खांद्यावर न्याव्या लागल्या ते वाचा. मेहनतीनं माणसं अर्धमेली झाली होती.

आता नॅथॅनिएल गॅलोवे. युटातल्या व्हर्नलचा शिकारी, बीव्हर धरायला फासे लावणारा, अधूनमधून सोनंही धुणारा. यानं हलकी, सपाट तळाची, दोन्ही टोकांना वर उचललेली होडी केली. आणि रॅपिड आला की होडी फिरवायची, मागची बाजू पुढे. आता वल्हेकऱ्याचं तोंड रॅपिडकडे. खडक दिसतोय, लाट दिसतेय. तो वल्ही मारतो ती प्रवाहाच्या उलट. होडी पाण्यापेक्षा हळू जाते आणि तिरकी धरली की पाणीच तिला हव्या त्या बाजूला सरकवतं. सगळी मेख यात आहे. वेग वाढवून ताबा मिळत नाही, कमी करून मिळतो.

गंगेवर मी मधल्या चौकटीवर बसून दोन लांब वल्ह्यांनी राफ्ट चालवायला शिकलो. उस्तादांनी पहिल्या दिवशी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, खडकाकडे तोंड कर आणि त्याच्यापासून दूर ओढ. ती रीत कोलोरॅडोवरच्या या शिकाऱ्याची, हे मला फार नंतर कळलं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात गॅलोवे आणि विल्यम रिचमंड एवढी दोनच माणसं ग्रँड कॅन्यनमधून पार गेली.

---

गडभटक्या

वल्हंवाला, तांत्रिक भाग पटला. पण गॅलोवेला २७ वर्षांचा फायदा होता. नदीत नायगारासारखा धबधबा नाही, ती पार करता येते, हे त्याला आधीच माहीत होतं. कुणामुळे?

---

रेताडवाट

@गडभटक्या, तसं पाहिलं तर पॉवेलच्याही आधी एक खाणकरीच होता. सप्टेंबर १८६७ मध्ये नेवाडातल्या कॉलव्हिल वस्तीजवळ लोकांनी नदीतून एक तराफा ओढून काढला. त्यावर उन्हानं सोललेला, अर्धवट शुद्धीत असलेला, उपासमारीनं खंगलेला जेम्स व्हाईट. सोनं शोधायला निघाला होता. वाटेत यूट लोकांशी चकमक झाली, एक सोबती मेला, उरलेले दोघं लाकडं बांधून नदीत शिरले आणि दुसराही बुडाला, अशी त्याची हकीकत. तो अख्ख्या ग्रँड कॅन्यनमधून वाहत आला यावर विश्वास ठेवणारे आजही आहेत.

---

रेल्वेरूळ

व्हाईटचं प्रकरण स्टँटननं १९०७ साली त्याला गाठून खोदून खोदून विचारलं होतं. दऱ्यांचं वर्णन जुळत नाही, हा माणूस दरीच्या पार खालच्या टोकाला नदीत शिरला असणार, असा स्टँटनचा निष्कर्ष. मला तो पटतो. चौदा दिवसांत तराफ्यावर एवढं अंतर, आणि वर्णनात एवढे घोळ?

पण मी आलोय ते स्टँटनसाठी. धाग्यात तो नुसता बुडालेल्या यंत्राचा मालक म्हणून राहू नये. तो आधी आला रेल्वेसाठी. कोलोरॅडो राज्यातला कोळसा कॅलिफोर्नियाला न्यायला थेट दरीच्या तळातून, नदीकाठानं रूळ टाकायचे, असा फ्रँक ब्राऊन नावाच्या उद्योजकाचा बेत होता. १८८९ मध्ये ब्राऊन आणि स्टँटन पाहणीला निघाले. होड्या हलक्या सीडर लाकडाच्या. लाईफ जॅकेट घ्या असं सांगूनही ब्राऊननं घेतली नाहीत. १० जुलैला मार्बल कॅन्यनमध्ये ब्राऊनची होडी उलटली आणि तो भोवऱ्यात गेला. मागून आलेल्यांना त्याची फक्त वही पाण्यावर तरंगताना मिळाली. पीटर हॅन्सब्रो नावाच्या सहकाऱ्यानं काठच्या खडकावर ब्राऊनचं नाव आणि तारीख कोरली. पाच दिवसांनी हॅन्सब्रो स्वतः हेन्री रिचर्ड्ससह बुडाला.

स्टँटननं उरलेल्यांना दरीबाहेर काढलं, आणि डिसेंबरात ओकच्या मजबूत होड्या आणि बुचाची जॅकेट घेऊन परत आला. १ जानेवारी १८९० ला छायाचित्रकार निम्स कड्यावरून पडला, पाय मोडला. त्याला झोळीत बांधून कडा चढवून वर नेला. पुढचे फोटो स्टँटननं स्वतः काढले आणि समुद्रापर्यंत पाहणी पुरी केली. त्याच पाहणीत हॅन्सब्रोचे अवशेष सापडले, त्यांनी ते पुरले. त्या जागेला आज पॉइंट हॅन्सब्रो म्हणतात.

रेल्वे झाली नाही, पण ग्लेन कॅन्यनमधली रेती त्यानं याच वाटेनं पाहिली. उपनद्यांवर बंधारे घालून वीज करायची आणि तिच्यावर यंत्रांची रांगच चालवायची, इथपर्यंत त्याची तयारी होती. माणूस वेडा नव्हता. हिशेब चुकला तो कणांच्या जाडीत.

---

पाणपोई

मला एक साधा प्रश्न. ही माणसं पाणी काय पीत होती? सगळीकडे गाळ गाळ वाचतेय.

---

खडकवेडी

नदीचंच. धरणाच्या आधी कोलोरॅडो लाल-तपकिरी वाहायची. प्यायला फार घट्ट, नांगरायला फार पातळ, असं तिथले लोक म्हणायचे. बादली भरून ठेवायची आणि गाळ बसायची वाट बघायची. फड्या निवडुंगाची पानं चिरून, ठेचून पाण्यात टाकली की त्याच्या चिकट रसानं गाळ लवकर खाली बसतो, ही युक्ती वाळवंटात सगळ्यांना ठाऊक होती.

---

मधुमालती

सगळ्या गोष्टीत पुरुषच आहेत, म्हणून एका बाईची आठवण करून देते. विल्यम बास नावाचा माणूस ग्रँड कॅन्यनमध्ये ॲस्बेस्टॉसची खाण चालवायचा आणि पर्यटकांनाही फिरवायचा. त्याची बायको एडा, न्यूयॉर्क राज्यातून आलेली संगीतशिक्षिका. १८९५ मध्ये लग्न होऊन ती कड्यावर राहायला आली आणि तिथेच चार मुलं वाढवली. पाहुण्यांचा स्वयंपाक, जनावरं, मुलांचा अभ्यास सगळं तिच्याकडे. वर पाणी म्हणजे पावसाचं साठवलेलं. ते संपलं की कपडे धुवायला घोड्यावर लादून दरीत खाली नदीकडे उतरायचं, धुवायचे, वाळवायचे आणि परत चढायचं. तीन दिवसांची धुण्याची फेरी! नदीच्या दोन्ही काठांवर खाणीच्या वाटा होत्या आणि मध्ये बासनं तारेवरून चालणारा पाळणा बसवला होता.

हे वाचल्यावर सोनं मिळालं की नाही हा प्रश्न मला जरा दूरचा वाटायला लागला.

---

ओढ्याकाठी

एका गोष्टीचा राग येतोय तो लिहितो. होस्कनिनी म्हणजे तोच ना, जो १८६०च्या दशकात किट कार्सनच्या अमेरिकी फौजेला चुकवून आपल्या माणसांना घेऊन नवाहो डोंगराच्या आसऱ्याला गेला? हजारो नवाहोंना त्यांच्या मुलखातून हाकलत नेलं, तेव्हा न सापडलेल्या थोड्यांपैकी तो एक. वीस वर्षांनी त्याच्या दारात खाणकरी चांदी विचारत येतात. मग त्याचंच नाव कंपनीला, आणि दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे खाणहक्काचे दावे मात्र कंपनीचे.

ग्रँड कॅन्यनमध्येही तेच. ब्राइट एंजल वाटेवरच्या झऱ्याकाठी तिथले मूळ हवासुपाई लोक शेती करायचे. राल्फ कॅमेरॉननं ती वाट खाणीच्या दाव्यांच्या जोरावर ताब्यात घेऊन जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून माणशी एक डॉलर वसूल केला. त्यात खनिज काही नव्हतं, १९२० साली सर्वोच्च न्यायालयानं ते दावे रद्द ठरवले. पण हवासुपाईंना जमीन मिळाली नाहीच. शेवटच्या माणसाला १९२८ मध्ये तिथून काढलं. त्या जागेला हवासुपाई गार्डन्स हे नाव मिळायला २०२२ साल उजाडलं.

तेव्हा "पहिलं कोण" हा वाद घालताना पॉवेल की खाणकरी एवढेच दोन पर्याय ठेवू नका.

---

रेताडवाट

ओढ्याकाठी, अगदी मान्य. माझा प्रश्न होडीपुरता होता. नदीच्या काठाचा आणि उतारांचा जाणकार होस्कनिनीच होता, हाईटसुद्धा त्याच्याच सांगण्यावरून गेला.

---

तांबडीमाती

अवांतर: त्या दरीतल्या सुळक्यांची नावं पाहिलीत का? विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, देवा टेंपल, कृष्णा श्राइन, रामा श्राइन! पॉवेलच्या हाताखालचा भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यानं १८८०च्या दशकात पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायची प्रथा सुरू केली. तळातल्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एकाला विष्णू शिस्ट म्हणतात, वय सुमारे पावणेदोन अब्ज वर्षं. आईला दाखवायला नेलं तेव्हा तिनं विष्णूच्या सुळक्याला तिथूनच हात जोडले.

---

कवडीमोल

आईंना सांगा, कॅस हाईटनं लक्ष्मीचाही सुळका शोधला होता, पण सापडला नाही.

---

खडकवेडी

खाणींमध्ये सगळ्याच फसल्या असं नाही हं. ग्रँड कॅन्यनमधल्या हॉर्सशू मेसा या पठारावरची लास्ट चान्स नावाची तांब्याची खाण, पीट बेरी आणि सोबत्यांची, १८९० ची. तिथलं खनिज इतकं उत्तम की १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. पण ते वर आणायचं कसं? कड्याला लाकडी ओंडके साखळ्यांनी अडकवून, वर दगड पसरून केलेली वाट, आणि एकेका खेचरावर दोनशे पौंड खनिज. तांब्याचा भाव पडला आणि १९०७ ला खाण बंद झाली. तोपर्यंत बेरीला कळून चुकलं होतं की त्याच वाटेनं पर्यटक उतरवण्यात जास्त पैसे आहेत. जॉन हॅन्सनंही ॲस्बेस्टॉस सोडून हेच केलं. पाहुण्यांना रंगवून थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

---

सराफकट्टा

ग्रँड कॅन्यनच्या तोंडाशी असलेल्या लीज फेरीला वाफेची बोट होती म्हणतात ती काय भानगड?

---

रेताडवाट

सराफकट्टा, ती चार्ल्स स्पेन्सरची. १९१० च्या सुमारास तो लीज फेरीला आला, तिथल्या जांभळट चिनली शेल मातीतून सोनं काढायला. मोठ्या पाईपनं पाणी मारून माती धुवायची आणि तुम्ही सांगितलेल्या पाऱ्यातून न्यायची. बॉयलरला कोळसा हवा आणि कोळसा सापडला २८ मैल वर, वॉर्म क्रीकच्या खोऱ्यात. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत ९२ फुटांची, मागे चाक असलेली बोट बांधून घेतली. ती सुटी करून रेल्वेनं मेरीसवेलला आणि तिथून बैलगाड्यांनी वाळवंटातून वॉर्म क्रीकला आणली. १९१२ मध्ये जोडली. कोळसा भरून खाली आली तर परत वर जायला जवळजवळ तेवढाच कोळसा लागला! त्या प्रवाहाविरुद्ध जायला तिच्यात दम नव्हता. पाऱ्यावर मातीचा थर चढून सोनं हाती लागेना ते वेगळंच. काही काळात सगळं गुंडाळलं, आणि १९२१ मध्ये बोट जागच्या जागी बुडाली.

---

गडभटक्या

धागा वाचत गेलो तसं मला एकाच गोष्टीची शंका राहिली. खाणकऱ्यांनी नदी चालवायला शिकवलं म्हणता, पण हाईट, स्टँटन, स्पेन्सर यांच्यापैकी कुणी शिकवलं? गॅलोवे तर मूळचा शिकारी. त्याची रीत पुढे गेली कशी?

---

वल्हंवाला

गडभटक्या, याचंच उत्तर सर्वांत सुंदर आहे. त्या बुडालेल्या यंत्रातूनच गेली!

होस्कनिनी कंपनीत पैसे घातलेला ओहायोचा उद्योजक ज्युलियस स्टोन. त्या कामानिमित्त तो ग्लेन कॅन्यनमध्ये आला आणि तिथेच त्याची गॅलोवेशी ओळख झाली. कंपनी बुडाली, नदी मात्र डोक्यातून जाईना. १९०९ मध्ये स्टोननं गॅलोवेच्या रचनेच्या चार होड्या बांधून घेतल्या आणि गॅलोवेलाच वाटाड्या केलं. ग्रीन रिव्हरहून सप्टेंबरात निघून नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातल्या नीडल्सला पोचले, एकही माणूस न गमावता. ना सोनं, ना रूळ, ना नकाशा. निव्वळ आवड म्हणून केलेला हा पहिला प्रवास मानतात. दोन वर्षांनी छायाचित्रकार कोल्ब बंधू चित्रपटाचा कॅमेरा घेऊन निघाले, त्यांच्या होड्याही त्याच घाटाच्या होत्या. पुढे नॉर्म नेव्हिल्सनं पैसे घेऊन प्रवासी न्यायला सुरुवात केली. १९३८ साली त्याच्याबरोबर एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञ बायका अख्खा ग्रँड कॅन्यन पार करणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. त्याही होड्या तोंड रॅपिडकडे करूनच चालवल्या.

त्याच १९३८ मध्ये म्हातारा स्टोन पुन्हा ग्लेन कॅन्यनमध्ये गेला. यंत्राचा सांगाडा तिथेच पडलेला. त्यातल्या फळ्या जाळून कॉफी केली, आणि हा एक कप मला पाच हजार डॉलरला पडला, असं तो सोबत्यांना म्हणाला.

---

रेताडवाट

याहून चांगला पुरावा मला देता आला नसता. मी एकच माणूस जोडतो, बर्ट लोपर. जन्म ३१ जुलै १८६९, पॉवेलची पहिली मोहीम नदीतच होती तेव्हाचा. आयुष्यभर खाणकामगार. १९०७ मध्ये चार्ल्स रसेल आणि एडविन मोनेट या दोन खाणकऱ्यांबरोबर निघाला, वाटेत मागे राहिला. ते दोघं थांबले नाहीत. लोपर लीज फेरीला पोचला तेव्हा ते कधीच पुढे गेलेले. ऐन हिवाळ्यात, एकट्यानं, होडी ओढत-वल्हवत तो दीडशेहून जास्त मैल उलट वर हाईट वस्तीला गेला. मग रेड कॅन्यनपाशी झोपडी बांधून वर्षानुवर्षं रेती धुतली. सोनं जेमतेम पोटापुरतं. पण १९२१ मध्ये सान हुआन नदीची सरकारी मोजणी निघाली तेव्हा मुख्य नावाडी म्हणून लोपरलाच बोलावलं.  होडी चालवायला रेती धुणारा माणूस लागला. १९४९ मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता तेव्हा, स्वतः बांधलेल्या होडीतून ग्रँड कॅन्यनच्या एका रॅपिडमध्ये त्याचा शेवट झाला.

---

गडभटक्या

लोपरपुढे माझं भांडण मिटलं. पॉवेलचं नाव पहिलं राहू दे, पण फलकावर गॅलोवे आणि लोपर हवेतच. यातलं आज बघायला काय शिल्लक आहे? मार्चमध्ये तिकडे यायचं ठरतंय.

---

रेताडवाट

यंत्र, गुड होप, हाईटची मूळ वस्ती, सगळं लेक पॉवेलखाली. १९६३ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले. पण स्पेन्सरची बोट दिसते. पेज गावाहून लीज फेरी गाडीनं तासाभराच्या आत. नदीकाठच्या पायवाटेनं वरच्या अंगाला चालत जा, काठाला लागूनच पाण्यात बॉयलर आणि तळाचा सांगाडा आहे. पाणी कमी असेल तर स्पष्ट दिसतो. वाटेत दगडी खोल्याही आहेत. मार्च उत्तम, उन्हाळ्यात तिथे दुपारी उभं राहवत नाही. पाणी धरणाच्या खोलातून येतं म्हणून मार्चमध्ये बर्फासारखं गार असतं, पोहायला उतरू नका. ग्रँड कॅन्यनच्या राफ्ट तिथूनच सुटतात. सकाळी लवकर गेलात तर नावाडी सामान बांधताना भेटतील, बोलायला हौशी असतात.

---

वल्हंवाला

गडभटक्या, त्यांची वल्ही आणि होडीची चौकट कशी बांधलीय त्याचे फोटो काढून इथे टाका, मला बघायचेत. आणि ब्रॅडलीची आठवण म्हणून एक दोर जवळ ठेवा.